पाटोळेबाईंचा डावा हात

पाटोळेबाईंच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या असायच्या आणि डावा हात भुंडा. कोपराच्या वरपर्यंत भुंडा. घड्याळ नाही, दोरा नाही, काही नाही. तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई आणि या म्हातारीला आठवलं काय, तर बांगड्या! पण मी त्यांना पहिल्यांदा बघितलं तेच मुळी कासारणीच्या पुढ्यात. बाईंनी उजवा हात पुढं केला, कासारणीनं बांगड्या चढवल्या, मग दुसऱ्या हाताला हात घातला तर बाईंनी तो पटकन मागं घेतला.

"आन् ह्यो वो, ताई?"

"तो नको. तो चंद्रीचा."

कासारीण माझ्याकडं बघायला लागली आणि मी कासारणीकडं. मी नवी नवरी, सासरी येऊन आठवडा झालेला. चंद्री कोण हे मला कुठलं ठाऊक? एक हात सवाष्णीचा आणि एक हात मोकळा, असं ध्यान मी जन्मात पाहिलं नव्हतं. कासारीण गेल्यावर मी आत जाऊन गटागटा पाणी प्यायले.

सोनईच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडा आत, गुरांचा एक सरकारी गोठा होता. संशोधनाचा गोठा म्हणायचे. आमचे हे तिथं धारा काढायला होते, म्हणून गोठ्याला लागून एक खोली आम्हाला मिळालेली. शेजारच्या खोलीत पाटोळेबाई. नगरच्या, ख्रिश्चन, तिशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या. वडील नगरला शाळामास्तर होते. बाईंना सगळे डॉक्टर म्हणायचे, पण त्या माणसांच्या डॉक्टर नव्हत्या आणि गुरांच्याही नव्हत्या.

"मग कशाच्या वो?" मी एकदा विचारलं.

"रवंथाची," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी ह्यांची न्याहारी घेऊन गोठ्यात गेले. कडेच्या गव्हाणीपाशी एक काळीपांढरी गाय निवांत कडबा खात उभी होती. बाई तिच्या डाव्या अंगाला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटून, एखाद्याशी कानगोष्ट करावी तशा. मी म्हटलं, किती माया बघा. मग मला दिसलं, बाईंना डावा हातच नव्हता. खांद्याखाली पदर, पदराखाली गाय. हात गाईच्या आत! बरगडी संपते तिथल्या खोबणीत, अहो, जित्या गाईच्या पोटात, आणि गाय तिकडं कडबा चावतेय!

मी जी किंकाळी मारली ती रस्त्यावर ऐकू गेली म्हणतात. भाकरी शेणात, कोरड्यासाची लोटी आडवी. हे धारेची बादली टाकून धावत आले.

"काय झालं गं? विंचू का काय?"

"अवो, बाई... गाईच्या... हात..."

"हात्तिच्या!" हे म्हणाले. "तुला सांगायचं राहिलं व्हय?"

बाईंनी हात सावकाश बाहेर काढला. कोपरापर्यंत हिरवा, वाफाळलेला. मुठीत चोथा. तो त्यांनी नाकाशी नेला, अत्तराचा फाया हुंगावा तसा हुंगला आणि मला म्हणाल्या, "यमुना, घाबरू नकोस. ही चंद्री. हिच्या पोटाला आम्ही खिडकी केलीय. हिला दुखत नाही. बघ, खातेय की नाही?"

खिडकीच ती. गोल, रबरी चौकटीची, वर घट्ट बूच. नगरच्या ढोरांच्या मोठ्या डॉक्टरांनी भूल देऊन ती केली होती, कधीच भरून आली होती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी चुलीपुढनं हललेच नाही. सासूबाईंनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

तर असा तो डावा हात. तो चंद्रीच्या पोटात जायचा, म्हणून उजव्यानं खायचं, उजव्यानं लिहायचं, उजव्यानं हळदीकुंकू घ्यायचं. डावा कधी कुणाच्या वस्तूला लावायचा नाही. कार्बोलिक साबणानं घासघासून त्याची कातडी खडबडीत झालेली. तरी एक आंबूस वास यायचाच, गुरांसाठी भिजत घातलेल्या आंबोणासारखा. मी पहिल्यांदा नाकाला पदर लावायचे. मग पुढं पुढं तो वास आला नाही तर वाटायचं, बाई कुठं गावाला गेल्या की काय.

हुंगायची त्यांना फार सवय. भाकरी हुंगायच्या, कडबा हुंगायच्या, माझ्या पोराची टाळू हुंगायच्या. चंद्रीच्या कुशीला कान लावून उभ्या राहायच्या आणि आतलं पोट फिरलं की बोटानं हवेत गोल काढायच्या. "ऐक. गिरणी चालू आहे." कुणी तावातावानं भांडायला आलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आधी जरा रवंथ करा, मग बोला." माणूस माझ्यासारखं असो की मोठ्या साहेबासारखं, सगळ्यांना तेच. चंद्रीपाशी उभ्या राहून त्या ख्रिस्ती भजनं म्हणायच्या, आवाज बेसूर, पण चंद्रीचे कान हलायचे.

त्यांचं काम काय होतं, ते त्यांनी मला चुलीशी बसून सांगितलं. मी शाळेत गेले नाही. पेंडीच्या पोत्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले, म्हणून त्या मला सांगताना सोपं करायच्या.

"हे बघ, आपण कडबा खाल्ला तर पचेल का?"

"मरू की वो."

"गाईलाही पचत नाही."

मी हातातलं उलथणं तसंच धरून बघत राहिले. गाईला कडबा पचत नाही?

"तिच्या पोटात न दिसणारे जीव असतात. ते पचवतात. त्यांच्या अंगातून रस सुटतो, त्याला पुस्तकात विकर म्हणतात. तो रस म्हणजे कात्री समज. कडब्याचा टणक धागा कराकरा कातरतो. गाय जगते ती त्या कातरलेल्यावर. आता कुठल्या जिवाची कात्री सगळ्यात धारदार आहे, ते मला शोधायचंय. उसाचं पाचट, चिपाडं, जे कुणी खात नाही, ते कातरणारी कात्री सापडली, तर दुष्काळात जनावर मरणार नाही."

इतक्या साध्या आवाजात त्या हे बोलल्या. आणि मी त्या रात्री आमच्या गाईकडं बघत बसले. आपल्याला वाटतं एक गाय उभी आहे. आत अख्खं गाव नांदतंय आणि तिलाही पत्ता नाही! माझा तो धक्का आजही पुरता उतरलेला नाही, खरं सांगते.

गावाला मात्र हे असलं काही पटणारं नव्हतं. गाईला भोक पाडलंय, आणि पाडणारी ख्रिश्चन, एवढंच गावात फिरलं. आमचे सरपंच आबा फेटा बांधून, चारपाच जणांना घेऊन जाब विचारायला आले. बाई गोठ्यात होत्या. ऑफिसात टेबलावर बाईंचा थर्मास होता. शिपायानं पाव्हण्यांसमोर कप मांडले आणि चहा आहे समजून थर्मास ओतला.

आता तो थर्मास चहाचा नव्हता. चंद्रीच्या पोटातला रस गरम राहावा, आतले जीव थंडीनं मरू नयेत, म्हणून बाई तो थर्मासात भरून ठेवायच्या. तोही गरम, आणि रंगही तसलाच म्हणा. आबांनी मोठ्या माणसासारखा पहिला घोट घेतला. थोबाडावरचा रंग उडाला. पण पंचांसमोर थुंकायचं कसं? गिळला!

तेवढ्यात बाई दारात आल्या. त्यांनी कप बघितला, थर्मास बघितला, आबांचं तोंड बघितलं. त्यांचाही चेहरा पांढराफटक पडला. आणि तोंडातून निघून गेलं, "आबा, काळजी करू नका. आता तुम्हाला कडबासुद्धा पचेल."

बरोबरचे लोक फिसकन हसले. आबा लिंबाखाली जाऊन ओकले. ते ओकणं निभावलं असतं, पण हसणं नाही निभावलं. दुसऱ्याच दिवशी वरपर्यंत तक्रार गेली. मोठे साहेब जीपमधून आले आणि आमच्या सगळ्यांदेखत बाईंना म्हणाले, "अजून एक तक्रार आली, की भोक शिवायचं आणि गाय घोडेगावच्या बाजारात. मला गाव अंगावर घ्यायचं नाही."

चंद्रीच्या जागी दुसरी गाय उभी केली असती तर चाललं नसतं का, मी विचारलं. बाई म्हणाल्या, "यमुना, या पोटाला मी पाचटाची सवय लावत आणलीय. आत्ता कुठं त्यातले कामाचे जीव वाढायला लागलेत. ही गेली, की माझं सगळं गेलं." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

मग आल्या गिरजाआत्या. आमच्या भावकीतल्या, ह्यांच्या आत्या, गावातल्या बायकांच्या पुढारी. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात काठी. "बघू तरी काय पाप हाय ते," म्हणत थेट चंद्रीपाशी. आम्ही सगळ्या मागं. बाईंनी बूच काढलं. आत्यांनी डोळे बारीक करून आत बघितलं. आत ओलं, उबदार, हिरवं, आणि सारखं हलणारं. लाट यावी तसं वर यायचं, खाली जायचं.

आत्यांच्या हातातली काठी गळून पडली.

"अगं माझे बाई! आत कोन हाय गं?"

"जीव आहेत, आत्या," बाई म्हणाल्या. "कोट्यवधी. तेच गाईला जगवतात."

"कोटींनी?"

"कोटींनी."

आत्यांनी हात जोडले.  "तेहतीस कोटी! पोरींनो, पाया पडा. गाईच्या पोटात देव हायेत म्हनून आमी नुस्तं ऐकत हुतो. हिनं दार उघडून दावलं."

मी बाईंकडं बघितलं. बाईंनी तोंड उघडलं. एक क्षण वाटलं, आता सांगतील. मग त्यांनी चंद्रीकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

बायका गेल्यावर मी म्हटलं, "बाई, तुमी गप का बसला?"

"बसू दे गं," त्या म्हणाल्या. "देवाच्या नावानं का होईना, चंद्री राहतेय."

आणि राहिलीच. आत्यांनी घरोघर सांगितलं, आबांच्या बायकोनं आबांना सांगितलं, तक्रार तिथंच विरली. उलट बायका वाण्याच्या दुकानातून येता येता चंद्रीच्या पाया पडून जायला लागल्या. बाईंना त्या शेपटाजवळ उभं करून कुंकू लावायच्या. बाई लावून घ्यायच्या आणि मग पुसायच्याही नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ आला. तो मी वर्णन करणार नाही, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. आमच्या गोठ्याशेजारच्या माळावर गुरांची छावणी पडली. आधी वैरणच नव्हती, जनावरं धुरळा चाटत उभी. मग कुठून तरी ट्रकनं उसाचं वाढं आलं, कडबा आला. लोकांनी गुरांपुढं टाकला, आणि मी बघितलं ते असं, की समोर वैरण आणि जनावर तोंड लावेना! गिरजाआत्यांची कपिली गाय तर मान टाकून बसली. जबडा बंद, डोळ्यांत चिपडं. आत्या तिच्या तोंडात हातानं पाला कोंबत होत्या. "खा की गं भवाने, आता तर आलंय. आता का रुसलीस?"

बाई छावणीत आल्या. कपिलीच्या कुशीला कान लावला. बराच वेळ बोटानं गोल काढला नाही.

"आत्या, तुमच्या घरातली चूल विझली आणि काडेपेटी नसली, तर काय करता?"

"शेजारनीकडनं इस्तू आनते."

"हिची चूल विझलीय. आतले सगळे उपाशी मेलेत. लाकडं घालून काय उपयोग? विस्तव आणायला पाहिजे."

आणि मग त्या बाईनं बादल्या घेतल्या. चंद्रीच्या खिडकीतून चोथा काढायचा, लुगड्याच्या फडक्यातून पिळायचा, तो कोमट रस बांबूच्या नळ्यानं मरतुकड्या गाईच्या घशात सोडायचा. ख्रिश्चन बाईच्या हातचा, दुसऱ्या गाईच्या पोटातला रस! इतर वेळी गावानं काठ्या काढल्या असत्या. आत्यांनी आपल्या हातानं कपिलीचा जबडा उघडून धरला. "सोड गं, सोड. देवाचं तीर्थ हाय."

दोन दिवसांनी कपिलीनं रवंथ सुरू केला. आत्या रस्त्यानं ओरडत आल्या, "चावती गं! पोरींनो, चावती!" मग एकामागून एक जनावर उठत गेलं. सगळी नाही उठली. पण उठली ती चंद्रीच्या विस्तवावर. बाईंचा डावा हात त्या दिवसांत इतका वेळ आत असायचा की बोटांची कातडी धोब्याच्या हातासारखी सुरकुतून गेली होती. आणि बाई किती आनंदात! पाचटावर वाढलेलं पोट, त्यामुळं ज्यांना रस पाजला ती गुरं वाढंही नीट खायला लागली, हे त्यांना दिसत होतं. जे कागदावर सिद्ध करायला वर्षं लागणार होती, ते माळावर उभं राहून चावत होतं.

आता पुढचं सांगायलाच हवं.

बायकांनी नवस केला होता. गाय उठली तर पाडव्याला चंद्रीला नैवेद्य. पण नैवेद्य करायचा कशाचा? घरात काय होतं? आम्ही सगळ्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो, तिथं सुकडी मिळायची. भाजलेलं पीठ आणि गूळ, मुठीनं खायची. गोड म्हणून त्या वर्षात तेवढंच काय ते तोंडात पडलं. त्यातली थोडी थोडी प्रत्येकीनं पदराच्या गाठीला बांधून ठेवली. स्वतःच्या घासातली, पोरांच्या घासातली. कुणी कुणाला बोललं नाही.

पाडव्याला सुट्टी म्हणून बाई वडिलांना भेटायला नगरला गेलेल्या. राखणदारानं बायकांना आत सोडलं, का सोडणार नाही? पूजा करणाऱ्या बायकांना कोण अडवतं? मी लांबच्या विहिरीवर पाण्याला गेलेले. डोक्यावर हंडा घेऊन आले तर गोठ्यात आरतीचा आवाज. चंद्रीला हळदीकुंकू, गळ्यात कडुनिंबाचा डहाळा, शिंगाला गोंडा. कौतुकानं पुढं झाले आणि बघते तर खिडकीचं बूच खाली ठेवलेलं, स्वच्छ फडक्यावर.

बायका ओळीनं उभ्या होत्या. एकीनं पुढं व्हायचं, पदराची गाठ सोडायची, आणि मूठ खिडकीतून आत. सगळ्यात शेवटी गिरजाआत्या. दंडापर्यंत हात आत, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय.

"आत्याऽ! काय करताय?"

"निवद," आत्या शांतपणे म्हणाल्या. "तोंडावाटं कशाला शीण द्यायचा? देवाचं दारच उघडं हाय की. माझ्या हाताला गरम लागलं गं, यमुने. देव गरम लागतो."

मला काही कळत होतं असं नाही. पण इतके दिवस बाईंच्या शेजारी राहिले होते. बाई चंद्रीला दाण्याचा एक कणही मोजूनमापून द्यायच्या; पीठ-गूळ जास्त झाला की आतलं सगळं आंबतं, जीव मरतात, म्हणायच्या. डोक्यावरचा हंडा कधी खाली आला, कधी फुटला, मला आठवत नाही. मी ह्यांना नगरला पिटाळलं.

बाई दुपारच्या गाडीनं आल्या तोवर चंद्री बसली होती. डोळे खोल गेलेले, दात करकरा वाजत होते.  बाईंनी पदर खोचला, हात आत घातला, बाहेर काढला, हुंगला.  नासलेल्या ताकाचा भपकारा लांब उभ्या मलाही आला. हिरवं काहीच नव्हतं, राखाडी पाणी नुसतं.

त्यांनी पोट रिकामं केलं. बादल्यांवर बादल्या. कोमट पाणी, खायचा सोडा, पुन्हा पाणी. बायका भिंतीला लागून उभ्या, कुणाला कळत नव्हतं काय झालं, पण आपल्या हातून काहीतरी झालं एवढं कळलं होतं. बाई मागं न बघता म्हणाल्या, "कपिलीला आणा. ज्या ज्या गाई उठल्या त्या सगळ्या आणा."

धावतच आणल्या. रवंथ करणाऱ्या गाईचा जबडा धरायचा, गालातला घास हातानं काढायचा आणि पितळेच्या तांब्यात टाकायचा. बायका तांबे घेऊन रांगेत. चंद्रीनं ज्यांना विस्तव दिला होता, त्यांच्याकडून विस्तव परत मागायला बाई निघाल्या होत्या. आत्यांनी कपिलीच्या तोंडातला घास स्वतः काढला आणि बाईंच्या डाव्या हातावर ठेवला. इतकी वर्षं कुणी त्या हातावर काही ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढता चढता चंद्री गेली.

बाई तिच्या कुशीला कान लावून बसल्या होत्या. उठल्या, म्हणाल्या, "विस्तव आणला होता आपण. पण चूलच फुटली होती." मग बायकांकडं वळल्या. मला वाटलं, आता बोलतील, आता शिव्या देतील, त्यांचा हक्कच होता. पण बाईंनी आत्यांसमोर मान खाली घातली.

"आत्या, ते देव नव्हते. न दिसणारे जीव होते, बारीक, किड्यांसारखे. मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. चंद्रीला इथं राहू द्यावं म्हणून मी गप्प बसले. तुमची चूक नाही. चूक माझी आहे."

 आत्यांनी चंद्रीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "देव नव्हतं म्हनती?"

"नव्हते."

"मंग माझी कपिली कुनी उठवली?"

"त्यांनीच."

"आमच्या समद्यांच्या गाई?"

"त्यांनीच, आत्या."

"मंग तू मला आजून सांगती, की ते देव न्हाईत?"

कुणालाही 'आधी रवंथ करा' म्हणणारी ती बाई.  ओल्या डाव्या हातानं तोंड झाकून ती मटकन खाली बसली, आणि आत्यांनी तिला छातीशी धरलं. तो हात, तो वास, सगळ्यासकट.

चंद्रीला गोठ्यामागं पुरलं. खड्डा बायकांनी खणला. खडी फोडायची सवय होतीच.

पाऊस आला तसा वरून बाईंच्या बदलीचा कागदही आला. चंद्रीचं काम संपलं, असं साहेब म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काही नव्हतं, त्याचंच मला नवल वाटलं. बाईंनी सामान बांधलं. थर्मास मला दिला. "आता यात चहाच घाल," म्हणाल्या. मी घातला नाही, अजून कपाटात आहे.

एस.टी.ला सोडायला आम्ही गेलो, मी आणि गिरजाआत्या. रस्त्याच्या कडेला कपिली चरत होती, आत्यांनी मुद्दाम बरोबर आणलेली. बाई तिच्याजवळ गेल्या, कुशीला कान लावला आणि उजव्या हाताच्या बोटानं हवेत गोल काढला. एकदा, मग पुन्हा. गाडी आली. गर्दीत त्या आत घुसल्या, ट्रंक कुणीतरी वर टाकली, कंडक्टरनं घंटी मारली. मला त्यांचा चेहरा दिसेना. तेवढ्यात खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलायला लागला.

मी तो हात बघितला. डावा हात होता, चंद्रीचा. मनगटापासून वरपर्यंत हिरव्याकंच बांगड्या, नव्या, उन्हात चमकणाऱ्या. किणकिण मला धुरळ्यातूनही ऐकू आली.

माझ्या शेजारी गिरजाआत्यांनी दोन्ही हात कानशिलांवर नेऊन बोटं मोडली.

"भरला गं माझ्या लेकीचा हात," त्या हरखून म्हणाल्या. "बघितलास का, यमुने? येकदाचा भरला."

मी पदर तोंडात कोंबला आणि म्हटलं, "व्हय, आत्या. भरला."